सर्व्हर आपला, पण खोलीत कोण कोण बसलंय?

वाचकाचं पत्र

नमस्कार. मी नाशिकला इंदिरानगरमध्ये राहते, अंबडला एका कंपनीत नोकरी करते. कॉलेजात असताना आम्ही सात-आठ जणांनी डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर सर्व्हर (म्हणजे आमचा ग्रुप) काढला होता, तो आता १४० जणांचा झालाय. माइनक्राफ्ट या ब्लॉकने बांधकाम करायच्या गेमचा एक सर्व्हर आहे आणि व्हॅलोरंट या गोळीबाराच्या गेमच्या दोन टीम आहेत. आधी सगळे नाशिकचेच होते. आता मालेगाव-सटाण्याची मुलं आहेत, केरळ, मणिपूर, नेपाळ, बांगलादेश, फिलिपिन्सचे लोक आहेत, ब्राझीलची एक मुलगी आहे. आणि रोज काही ना काही भांडण आहे. व्हीसीमध्ये (व्हॉइस चॅनलवर) सगळे मराठीत बोलतात म्हणून बाहेरचे गप्प बसतात आणि निघून जातात. इंग्रजीत बोला म्हटलं तर आपली मुलं म्हणतात, ‘सर्व्हर आपला आणि आपणच इंग्रजी झाडायची का?’ सटाण्याच्या मुलाच्या बोलण्याची नक्कल होते. माइनक्राफ्टमध्ये एकाने स्पॉनजवळ (खेळाडू पहिल्यांदा उतरतो त्या जागेजवळ) देऊळ बांधलं, दुसऱ्याने ते फोडलं. क्रिकेट मॅचच्या रात्री चॅट बघवत नाही. मणिपूरच्या मुलाला माझ्याच जुन्या मित्राने, तो मॉड (नियम सांभाळणारा मॉडरेटर) आहे, चेहऱ्यावरून घाण बोललं आणि वर ‘मस्करी केली’ म्हणाला. तो मुलगा आणि फिलिपिन्सचा एक जण सर्व्हर सोडून गेले. इंग्रजी सक्तीची करू का? मराठी आणि बाहेरचे असे दोन सर्व्हर करू का? मित्राचं काय करू?

एक ॲडमिन, इंदिरानगर, नाशिक

उत्तर

तुझ्या तीन प्रश्नांची उत्तरं आधी देऊन टाकतो. इंग्रजीची सक्ती करू नकोस. दोन सर्व्हर करू नकोस. आणि मित्राचं मॉडपद आजच काढून घे. हे तिसरं तुला सगळ्यात जड जाणार, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

डिस्कॉर्डच्या सर्व्हर सेटिंगमध्ये ऑटोमॉड आहे, तू तो लावला असशीलच. ठरवून दिलेला शब्द आला की मेसेज पोस्ट व्हायच्या आधीच अडतो. पण ज्याच्याकडे ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ किंवा ‘मॅनेज सर्व्हर’ ही परवानगी आहे, त्याचे मेसेज ऑटोमॉड अडवत नाही. मित्रांनी काढलेल्या सर्व्हरवर पहिल्या सात-आठ जणांना ही परवानगी सरसकट दिलेली असते आणि पुढे सर्व्हर कितीही वाढला तरी ती काढायचं कुणाच्या डोक्यात येत नाही. झालं, नियम नव्यांना आणि जुने मोकाट. बाहेरून आलेल्या मुलाला तुझी सेटिंग दिसत नाहीत, पण आपलं अडतं आणि यांचं जातं हे त्याला चार दिवसांत बरोबर कळतं.

तेव्हा रोल्सची (कुणाला काय करता येतं ते ठरवणाऱ्या पदांची) यादी उघड आणि एकेक रोल तपास. मॉडला मेसेज काढता येणं, टाइमआउट देता येणं, व्हॉइसमध्ये म्यूट करता येणं आणि एका चॅनलमधून दुसऱ्यात हलवता येणं, एवढं पुरतं. ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ फक्त दोघांकडे ठेव, एक तू आणि दुसरा असा कुणी, जो त्या पहिल्या सात-आठ जणांतला नाही.

मित्राला एक आठवड्याचा टाइमआउट दे. त्या काळात त्याला सगळं वाचता येतं, पण लिहिता येत नाही, इमोजी टाकता येत नाही, व्हीसीत येता येत नाही. आधी फोन कर, मग बटण दाब. सगळ्यांसमोर झापू नकोस, त्याने फक्त दोन गट पडतील. फोनवर फार समजावत बसू नकोस: ‘तू जे बोललास ते दुसऱ्या कुणी बोललं असतं तर तूच त्याला बाहेर काढलं असतंस. मॉडपद काढतेय, एक आठवडा टाइमआउट आहे. परत येशील तेव्हा मेंबर म्हणून ये.’ तो म्हणेल, ‘पण तोसुद्धा हसला होता.’ पाच जणांच्या व्हीसीमध्ये आपल्यासारखा आपण एकटाच असलो की माणूस हसून वेळ मारून नेतो. त्या हसण्याला परवानगी समजायचं नाही. ईशान्येकडच्या लोकांना चेहऱ्यावरून हिणवणं हा प्रकार इतका जुना आणि इतका गंभीर आहे, की २०१४ मध्ये केंद्र सरकारला त्यासाठी बेजबरुआ समिती नेमावी लागली होती. मस्करीच्या नावाखाली ते खपवून घ्यायला तुझ्या सर्व्हरवर जागा नको.

एक काळजी घे. मेसेज काढून टाकायच्या आधी स्क्रीनशॉट घे. ऑडिट लॉगमध्ये मॉडने मेसेज काढल्याची नोंद ४५ दिवस राहते, पण मेसेजमध्ये काय लिहिलं होतं ते तिथे नसतं. आठवड्याने मित्र म्हणाला, ‘मी असं बोललोच नव्हतो,’ तर तुझ्या हातात काही हवं.

आता भाषेचं बघू. लोकांना मराठी कळत नाही म्हणून ते जातात, असं तुला वाटतंय. तसं असतं तर कोरियन आणि जपानी स्ट्रीम कुणी पाहिलेच नसते. माणूस जातो तो हसण्यामुळे. चार जण मराठीत काहीतरी बोलतात, खदाखदा हसतात आणि पाचव्याला वाटतं की आपल्यावरच हसले. आपलं बोलणं दहापैकी नऊ वेळा मिसळीवर नाहीतर कुणाच्या तरी गाडीवर चाललेलं असतं, पण त्याला ते कसं कळणार? म्हणून पहिला नियम अगदी छोटा कर: मराठीत विनोद झाला आणि खोलीत न कळणारा माणूस असेल, तर ज्याने विनोद केला त्याने एका वाक्यात तो सांगायचा. विनोदाची माती होईल, होऊ दे. दोन आठवड्यांत मुलं आपोआप तोलून बोलायला लागतात.

मॅचमध्ये मात्र कडक राहावं लागेल, कारण तिथे वेळच नसतो. व्हॅलोरंटमध्ये राउंड १०० सेकंदांचा. स्पाइक (खेळातला बॉम्ब) लावायला ४ सेकंद, लावल्यावर ती फुटायला ४५ आणि निकामी करायला ७. या हिशेबात ‘अरे तो तिकडे, त्या डब्याच्या मागं, अरे डावीकडं डावीकडं’ हे वाक्य बसत नाही, कुठल्याच भाषेत बसत नाही. डावं-उजवं तर बोलूच देऊ नका, प्रत्येकाचं तोंड वेगळ्या दिशेला असतं. कॉलआउट (शत्रू कुठे आहे ते टीमला सांगणारी हाक) तीनच तुकड्यांचा ठेवा: किती, कुठे, काय. ‘टू, गॅराज, वन हिट एटी-फोर.’ आकडे इंग्रजीतच घ्या. मणिपूर-केरळचं सोडा, आपल्या इंग्रजी माध्यमाच्या पोरांनाही त्र्याऐंशी की त्र्याण्णव हे धावपळीत कळत नाही.

प्रत्येक मॅपसाठी १२ ते १५ जागांची नावं पक्की करा, मॅपच्या चित्रावर लिहा आणि ते चित्र टीमच्या चॅनलला पिन करा. घोळ हमखास होतो तो घरगुती नावांमुळे. नाशिकच्या पाच जणांनी एखाद्या कोपऱ्याला ‘टपरी’ म्हणायला सुरुवात केली की नवा खेळाडू तिथे मेलाच म्हणून समजा. (हेवन हा मॅप भूतानमधला आणि लोटस आपल्या पश्चिम घाटातला दाखवलाय, तरी त्यावरच्या जागांची नावं जगभर इंग्रजीच चालतात. ती तशीच वापरा.) पिंग व्हीलची (न बोलता मॅपवर खूण करायच्या सोयीची) सवय लावा. बोलायला संकोच वाटणारा खेळाडू पिंग मात्र बिनधास्त करतो. ॲपेक्स लेजंड्स २०१९ मध्ये आला तो अशी पिंगची सोय घेऊनच, त्यामुळे माइक नसलेला माणूसही त्यात टीमबरोबर नीट खेळू शकला.

राउंड चालू असताना फक्त कॉलआउट, आणि मेलेल्याने मुकं राहायचं. राउंडआधीच्या शस्त्रखरेदीच्या ३० सेकंदांत हव्या त्या भाषेत बोला, पण प्लॅन ठरला तर तो एकदा इंग्रजीत सांगायचा. व्हीसीतल्या पाचही जणांना मराठी येत असेल तर इंग्रजीचा प्रश्नच नाही, खुशाल मराठीत खेळा. नियम खोलीत बसलेल्या माणसांना लागतो, सर्व्हरला नाही. आपल्या मुलांना हे असं सांगितलं तर पटतं. ‘आजपासून इंग्रजी’ म्हटलंस की बंड होणार, आणि ते बंड फार चुकीचंही नसेल.

त्यांच्यासाठी ‘मराठी कट्टा’ नावाचं टेक्स्ट आणि व्हॉइस चॅनल काढ आणि ते कुणापासून लपवू नकोस. मल्याळी किंवा नेपाळी मंडळींनी मागितलं तर त्यांनाही दे, पण पाच-सहा नियमित बोलणारे असतील तरच. दोन माणसांचं रिकामं चॅनल बघून माणसाला आणखी एकटं वाटतं. सामाईक टेक्स्ट चॅनलमध्ये इंग्रजी, मोडकी असली तरी. ‘हिंदीत बोलू की,’ असं कुणीतरी म्हणेलच. नेपाळच्या मुलाला चालेल, बांगलादेशच्या कदाचित चालेल. केरळच्या मुलाला किती येते ते त्यालाच विचार, आणि फिलिपिन्सच्या माणसाला तर ती मराठीइतकीच परकी.

सटाण्याच्या मुलाचा विषय वेगळा, आणि आम्हाला विचारशील तर इंग्रजीच्या वादापेक्षा मोठा. बागलाण, कळवण, मालेगाव या पट्ट्यात घराघरांत अहिराणी बोलली जाते, त्या मुलाच्या मराठीत ती येणारच. ‘आपली मराठी, आपला सर्व्हर’ म्हणणारी मुलंच त्याची नक्कल करतात, हे त्यांना एकदा तोंडावर दाखवून दे. नक्कल बंद म्हणजे बंद, पहिल्या वेळेला एक दिवस टाइमआउट. मालेगावच्या मुलांना गावाच्या नावावरून जे बोललं जातं ते तुला माहीत आहे, आम्ही ते इथे छापत नाही. त्यालाही तोच नियम, फक्त दिवस नाही, आठवडा.

आणि एक गोष्ट तू पत्रात लिहिली नाहीस, पण मराठी सर्व्हरवर ती असतेच. नवा मुलगा आला की कुणीतरी विचारतं, ‘पूर्ण नाव काय रे?’ त्याने पहिलं नाव सांगितलं की, ‘आडनाव?’ हा प्रश्न कशासाठी असतो हे विचारणाऱ्यालाही माहीत असतं आणि उत्तर देणाऱ्यालाही. आडनाव विचारायचं नाही, गाव खोदून विचारायचं नाही, हे नियमांत स्पष्ट शब्दांत लिही. खेळाडूने जे हँडल (ऑनलाइन नाव) घेतलंय त्यानेच त्याला हाक मारायची. ‘ए नेपाळी’, ‘ए मल्लू’ हे प्रेमाने म्हटलं तरी नाही. जातीवरून कुणी शिवी दिली तर टाइमआउटची पायरी चढत बसू नकोस, थेट बॅन. चारचौघांदेखत तसं बोलणं अनुसूचित जाती-जमातींच्या बाबतीत कायद्याने गुन्हाही आहे.

ऑटोमॉडची शब्दयादी आता नव्याने करावी लागेल. तयार फिल्टर मुख्यतः इंग्रजी शिव्यांचा आहे, आपल्याकडच्या त्याला कळत नाहीत. प्रत्येक शब्द देवनागरीत एकदा आणि रोमन लिपीत मुलं जितक्या तऱ्हांनी लिहितात तितक्यांदा घाल. चूक होते ती तारांकनात (*). शब्दाच्या दोन्ही बाजूंना तारा लावला की तो शब्द कुठल्याही मोठ्या शब्दात सापडला तरी मेसेज अडतो. ‘साला’ असा घातलास तर मसाला डोसा अडेल, मसाला चहा अडेल आणि मुलं दिवसभर फिल्टरची टर उडवत बसतील. शक्यतो तारा लावू नकोस, अख्खा शब्दच घाल. दुसरी गंमत हसण्याची. ब्राझीलचे लोक हसताना इंग्रजी ‘के’ हे अक्षर ओळीने लिहितात. अमेरिकेतल्या एका वर्णद्वेषी संघटनेची आद्याक्षरं म्हणजे असेच तीन ‘के’. ते तारे लावून अडवलेस तर तुझी ब्राझीलची मैत्रीण हसली की अडकणार. नवा नियम लावल्यावर पहिला आठवडा ‘ब्लॉक’ बंद ठेव आणि फक्त ‘अलर्ट’ मॉड-चॅनलला येऊ दे. काय काय नाहक अडकतंय ते दिसेल, मग ब्लॉक चालू कर. व्हीसीतलं बोलणं आणि चित्रातला मजकूर हा शब्द-फिल्टर तपासत नाही, तिथे माणूसच लागतो.

आता वेळ आणि पिंग. (हा पिंग वेगळा: सर्व्हरपर्यंत सिग्नल जाऊन यायला लागणारा वेळ, मिलिसेकंदांत.) संस्कृतीची भांडणं म्हणून जी सांगितली जातात, त्यातली कितीतरी खरं तर इथली असतात.

तुमची स्क्रिम (सराव सामना) रात्री ९ ला असेल तर नेपाळमध्ये सव्वानऊ, बांगलादेशात साडेनऊ, ब्राझीलमध्ये दुपारचे साडेबारा आणि फिलिपिन्समध्ये रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात. फिलिपिन्सचा मुलगा त्याच्या घड्याळाने रात्री एक वाजता ‘मी जातो’ म्हणाला की इकडे ‘हा नेहमी मधेच पळतो’. आठवड्यात तीन स्क्रिम असतील तर त्यातली एक रविवारी संध्याकाळी साडेसहाला ठेव, तिकडे नऊ वाजतात. वेळ मेसेजमध्ये आकड्यांनी लिहू नकोस. डिस्कॉर्डच्या ‘इव्हेंट’मध्ये टाक, तिथे ज्याला त्याला त्याच्या घड्याळाप्रमाणे वेळ दिसते.

पिंगचंही तसंच. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते मनिला सरळ रेषेतच पाच हजारांच्या आसपास, म्हणजे जाऊन-येऊन ५० मिलिसेकंद कमीत कमी, आणि केबल काही सरळ जात नाही. मुंबई सर्व्हरवर तो १०० च्या आसपास पिंगने खेळतो आणि नाशिकचा मुलगा वीसने. मग कोपऱ्यावर तोच आधी मरणार. त्याला ‘नूब’ (नवशिका) म्हणण्यात काय अर्थ आहे? सराव सामन्यांची लॉबी एक दिवस मुंबईवर, एक दिवस सिंगापूरवर ठेवा. सिंगापूर मनिलाला जवळ, आपल्याला थोडं लांब, तरी खेळता येतं. नाशिकची मुलं कुरकुर करतील. दोन रात्री ७० च्या पिंगने खेळले की तो मुलगा रोज काय सोसत होता ते त्यांना सांगावं लागणार नाही. ब्राझीलच्या मुलीला व्हॅलोरंटच्या टीममध्ये घ्यायचा विचार असेल तर ते जमणार नाही. खातं रिजनला बांधलेलं असतं. भारत, नेपाळ, बांगलादेश, फिलिपिन्स आशिया-पॅसिफिकमध्ये येतात, ब्राझील वेगळं.

सणांचं कॅलेंडर एकदाच करून पिन करून टाक, आणि ते स्वतः भरू नकोस, ज्याचा सण त्याला भरू दे. आपण भरलं की चुका होतात. साधी होळीची सुट्टी घे. बाकी बऱ्याच भारतात रंग खेळतात होळीच्या दुसऱ्या दिवशी, नाशिकला रहाडी (रंगाचे जुने हौद) उघडतात रंगपंचमीला आणि मणिपूरचा याओशांग फाल्गुन पौर्णिमेला सुरू होऊन पाच दिवस चालतो. ‘होळीला सुट्टी’ एवढंच लिहिलं तर नेमका नाशिकचा मुलगा ज्या दिवशी रंगात बुडालेला असतो त्या दिवशी मॅच लागते. रमजान दर वर्षी १० ते ११ दिवस अलीकडे सरकतो. मालेगावच्या मुलांना त्या महिन्यात संध्याकाळी सातची आणि रात्री नऊची अशी दोन्ही वेळ अवघड, एकदा इफ्तार आणि मग तरावीह (रात्रीची नमाज). साडेदहानंतर ठेवलं तर त्यांना जमतं, पण मग फिलिपिन्सच्या मुलाला जमत नाही. तेवढा महिना टीम बदलून खेळा. गणपतीचे दहा दिवस आपण निवांत घेतो, तेव्हा कुणाला स्पष्टीकरण द्यावं लागत नाही, तसंच हे.

माइनक्राफ्टमध्ये तीन गोष्टी कर. पहिली, कोअरप्रोटेक्ट प्लगइन (सर्व्हरला जोडायचा छोटा प्रोग्राम) टाक. कुठला ब्लॉक कुणी कधी फोडला हे त्यात दिसतं आणि ठरावीक खेळाडूने, ठरावीक वेळात, ठरावीक परिघात केलेली मोडतोड उलट फिरवता येते. मात्र प्लगइन टाकल्यानंतरचीच नोंद मिळते, आधीची नाही. दुसरी, ग्रीफप्रिव्हेन्शन टाकून प्रत्येकाला आपली जागा सोन्याच्या फावड्याने आखू दे. मूळ सेटिंगमध्ये सुरुवातीला १०० ब्लॉक मिळतात आणि खेळल्याच्या प्रत्येक तासाला आणखी १००. तिसरी, स्पॉनपासून १०० ब्लॉकपर्यंत देऊळ, मशीद, चर्च, झेंडा, पुतळा काही नाही. गेमचं स्वतःचं स्पॉन-संरक्षण १६ ब्लॉकचंच असतं आणि सर्व्हरवर एकही ऑपरेटर (गेममधला ॲडमिन) नसेल तर तेही चालत नाही.

ज्याने देऊळ बांधलं त्याने तेव्हा कुठलाही नियम मोडला नव्हता. त्याला शिक्षा नको. ते देऊळ वर्ल्डएडिट प्लगइनने कॉपी करून त्याच्या स्वतःच्या जागेत पेस्ट करून दे. पडलेलं असेल तर सगळ्यांनी मिळून उभं करा, ब्लॉक सर्व्हरतर्फे. ज्याने फोडलं त्याला एक आठवडा, दुसऱ्याचं बांधकाम फोडलं म्हणून. ते देऊळ होतं म्हणून जास्त नाही आणि म्हणून कमीही नाही. उद्या कुणी कुणाचा कोंबड्यांचा खुराडा फोडला तरी आठवडाच.

तुमच्याकडे फोनवरून खेळणारे असतील तर आणखी एक बारीक गोष्ट. गीझर आणि फ्लडगेट ही प्लगइन लावून बेडरॉकवाले (फोनवरच्या आवृत्तीचे) जावा (पीसीच्या आवृत्तीच्या) सर्व्हरवर येतात, तेव्हा त्यांच्या नावाआधी आपोआप एक टिंब लागतं. पीसीवाल्या मुलांना ते टिंब लगेच दिसतं आणि ‘हा मोबाइलवाला’ सुरू होतं. सुरगाणा-पेठकडच्या मुलाकडे फोन हाच संगणक आहे. टिंब काढून टाकता येतं, पण मग जावातल्या कुणाचं तेच नाव असेल तर खात्यांचा गोंधळ होतो, म्हणून ते ठेव आणि चॅट-प्लगइनने दिसणारं नाव बदल, चॅटमध्ये सगळे सारखे दिसतील. जाता जाता: रात्र संपवायला सगळ्यांनी झोपायची अट असते, ती टक्केवारी १०० वरून ३० वर आण. वेगवेगळ्या देशांतले लोक एकाच वेळी झोपायला तयार होत नाहीत, गेममध्येसुद्धा.

क्रिकेटची रात्र सोपी आहे. मॅचच्या संध्याकाळी एकच वेगळं चॅनल उघड, स्लो मोड ३० सेकंद (एकाच्या दोन मेसेजमध्ये तेवढं थांबावं लागतं), ‘अटॅच फाइल्स’ आणि ‘एम्बेड लिंक्स’ बंद. सगळी घाण मीममधूनच येते. सकाळी चॅनल लॉक कर. बाकी सगळ्या चॅनलमध्ये त्या रात्री क्रिकेट नाही. सैन्य, सीमा, धर्म हे विषय त्या चॅनलमध्येही नाहीत, आणि भारतीय मुलाने काढला तरी तीच कारवाई, बांगलादेशच्या मुलाने काढला तरी तीच. तुझी परीक्षा पहिल्याच मॅचला होईल, कारण पहिला मेसेज बहुतेक आपल्याच कुणाचा असेल.

मुलींच्या बाबतीत: ‘माइक चालू कर, आवाज ऐकव’ म्हणणं बंद, न विचारता पर्सनल मेसेज बंद. सर्व्हरच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये मेंबरांकडून थेट मेसेज बंद करता येतात, हे नव्यांना स्वागताच्या मेसेजमध्येच सांग.

१४० जणांना पाच मॉड पुरतात. त्यातले दोन नाशिकबाहेरचे हवेत, आणि त्यांना बाकीच्यांइतकीच परवानगी दे, नुसता रंगीत रोल देऊन बसवू नकोस. तक्रार ज्याच्याविरुद्ध आहे त्याच्या दोस्त-कंपूतल्या मॉडने निर्णय द्यायचा नाही. चोवीस तासांत उत्तर, मग ते ‘अजून बघतोय’ असलं तरी. पिन करायचा मजकूर हवा असेल तर हा घे, मराठीत आणि इंग्रजीत दोन्ही लाव:

‘खोलीतल्या एकाला जरी कळत नसेल तर विनोदाचा अर्थ एका वाक्यात सांगा.
मॅच चालू असताना फक्त कॉलआउट. चूक दाखवायची तर मॅचनंतर, राउंडचा नंबर देऊन, खेळाबद्दल.
आडनाव, जात, धर्म, पगार विचारू नका. हँडलने हाक मारा.
बोलीची, चेहऱ्याची, गावाची टिंगल: एक दिवस ते एक आठवडा टाइमआउट. जातीवरून शिवी: बॅन.
“आमच्याकडे असंच बोलतात” हे कारण चालणार नाही.
मॉडलाही हेच नियम.’

चौथ्या ओळीत एक दिवस की एक आठवडा हे मॉडने त्या वेळी तोलायचं, पण चेहरा आणि गाव याला आम्ही आठवड्याखाली येणार नाही. शेवटून दुसरी ओळ खोडू नकोस, कुणी कितीही वाद घातला तरी. बोलण्याच्या रीती प्रांताप्रांतांत वेगळ्या असतात हे खरंच आहे. आपल्याकडे ‘काय झोपलायस का?’ ही रोजची हाक आहे आणि दुसऱ्याला तोच सगळ्यांसमोर केलेला अपमान वाटू शकतो. पण कुणाला काय लागतं हे देशावरून ठरवायला जाऊ नकोस. त्या माणसाला विचार.

आता गेलेले दोघं. मणिपूरच्या मुलाला सर्व्हरतर्फे नको, तुझ्या स्वतःच्या नावाने मेसेज कर, आणि मित्रावरची कारवाई झाल्यानंतरच. तीन गोष्टी लिही: जे बोललं गेलं ते चूक होतं, त्या वेळी मॉडपैकी कुणी थांबवलं नाही हीसुद्धा चूक होती, आणि काय कारवाई झाली. ‘मनावर घेऊ नकोस’ लिहू नकोस. ‘त्याला माफ कर’ तर अजिबात नको, आणि मित्राने माफी मागायची म्हटली तरी आधी या मुलाला विचार की त्याला ती ऐकायची आहे का. फिलिपिन्सच्या मुलाला वेळा बदलल्या आहेत आणि सिंगापूरची लॉबी सुरू झाली आहे हे कळव, पण खरोखर सुरू झाल्यावर. इन्व्हाइट लिंक मेसेजच्या शेवटी ठेव, मुदत ‘कधीच नाही’ अशी निवड. न बदलता पाठवलीस तर थोड्या दिवसांनी ती मरते आणि त्याला वाटतं आपल्याला पुन्हा बाहेर ठेवलं. उत्तर आलं नाही तर दुसरा मेसेज करू नकोस.